अतिरिक्त प्रौढ व्यक्ती

सोमवार, ३ जून

आजपासून रोजनिशी. निवृत्तीला महिना उरला. पाळणाघरांना परवाने देणाऱ्या विभागात अख्खी नोकरी गेली, एवढा अनुभव वाया जाऊ देणं बरं नाही. वाचणारं कोणी नाही, तरी अक्षर नीट काढायचं.

संकल्पही केले आहेत. पहाटे फिरायला जायचं, चहात साखर घ्यायची नाही, कोणावर रागवायचं नाही. पहाटे जाग आली नाही, कारण रात्री संकल्प करत जागलो होतो. साखरेचं चहा संपल्यावर आठवलं. रागावलो मात्र नाही. ऑफिसला पोचेपर्यंत.

शेवटची मोठी फाइल टेबलावर आली. आमच्याच मागच्या गल्लीतलं पाळणाघर, परवान्याचं नूतनीकरण. आमची नात ठकू तिथेच असते. ज्युनिअर मॅडम म्हणाल्या की नात तिथे आहे तर सरांनी ही फाइल दुसऱ्या कोणाकडे द्यावी, नियमात तसं आहे. मी हसलो. पोरगी हुशार आहे, पण कच्ची आहे. मीच घडवली आहे तिला. म्हटलं, नात आहे म्हणूनच मी जास्त कडक राहणार. तिने फाइल माझ्यापुढे सरकवली. पटलं असावं.

बुधवार, ५ जून

इन्स्पेक्शन. मुद्दाम न कळवता गेलो. शेजारीच राहत असल्यामुळे बाईंना मी गल्लीत वळतानाच दिसलो. पोचलो तेव्हा चहा तयार होता.

पुढची खोली, मागची खोली, मधे गुडघ्याएवढं फाटक. भिंतीला मुलांच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र. ठकूच्या खुंटीवर मांजर. बारा मुलं, सांभाळायला बाई आणि त्यांची सून. औषधांच्या कपाटाला कुलूप. आग विझवायचं नळकांडं मुदतीत. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं, धूळ मिळाली नाही. हे मला संशयास्पद वाटलं.

तेवढ्यात ठकू दिसली. बाईंच्या कडेवर होती. मी हात पुढे केले. तिने तोंड बाईंच्या खांद्यात लपवलं आणि म्हणाली की आजी, साहेब आले. मग मान न वळवताच, साहेब टाटा. त्यावर बाकीच्या सगळ्यांनीही टाटा केलं.

ठकू आता तीन वर्षांची होईल. दूधवाल्याला काका म्हणते. इस्त्रीवाल्याला मामा म्हणते. पाळणाघरवाल्या बाईंना आजी. मला साहेब म्हणते. घरी आमची ही मला चिडवायला साहेब म्हणते, त्याचा परिणाम. मला त्याचं काही वाटत नाही. आजोबा म्हटलं काय, साहेब म्हटलं काय. हाकेत काय असतं?

पाळणाघरात गंभीर त्रुटी आहेत.

शुक्रवार, ७ जून

नुसतं नूतनीकरण करणार नाही. परवाना देईन, पण विशेष अटी घालून. अट मोडली की परवाना गेला. हे आमच्या खात्यातलं सर्वांत धारदार हत्यार, आणि ते वापरावं तर मीच.

दिवसभर मसुदा. जेवायचा डबा तसाच परत आणला. (बिस्किटं खाल्ली.)

अट एक: चालकाने मूल कडेवर घेऊ नये, पडण्याचा धोका संभवतो. अट दोन: चालक व मदतनीस यांच्याखेरीज एक अतिरिक्त प्रौढ व्यक्ती पूर्ण वेळ हजर असावी, तशी नसल्यास आठांपेक्षा अधिक मुले ठेवू नयेत. अट तीन: मुलांनी तेथील कोणाही प्रौढ व्यक्तीस नात्याने हाक मारू नये, हुद्द्याने मारावी.

ज्युनिअर मॅडमनी तिसऱ्या अटीला आधार काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, मुलांच्या मनात नात्यांचा घोळ होतो. कोणीही परकी बाई आजी झाली तर उद्या मूल सख्ख्या आजोबांना ओळखणार नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी म्हटलं, हे आपलं एक उदाहरण.

मंगळवार, ११ जून

आदेश निघाला. वरिष्ठांनी फोनवर बोलता बोलता सही केली, एक अक्षर वाचलं नाही. याला म्हणतात विश्वास.

स्वतः नेऊन दिला. बाईंनी उभ्याउभ्या वाचला. वाद नाही, विनवणी नाही. एकच विचारलं, मग मुलांनी मला काय म्हणायचं? म्हटलं, संचालिका. बाई बरं म्हणाल्या. माणसं ऐकतात, सांगणारा हवा.

गुरुवार, १३ जून

सकाळी मागच्या गल्लीतून ऑफिसला गेलो. (रस्ता लांबचा आहे, पण चालणं होतं.) खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं, "संचालिका, शू आली." अंमलबजावणी सुरू झाली आहे. फार समाधान वाटलं.

रात्री जेवायच्या वेळी लेक आली, तरातरा. बाईंनी मुलं कमी केली. जी शेवटी आली ती आधी बाहेर, असा त्यांचा हिशोब. ठकू सगळ्यांत शेवटी आलेली, एप्रिलमध्ये. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हजेरीपटात होतं, तो मी तपासलाही होता, पण तेव्हा मी त्याच्या समासांकडे पाहत होतो.

लेकीची नवी नोकरी एक जुलैपासून. ठकू झाल्यावर सोडली होती, आता कुठे पुन्हा मिळाली. जावई जहाजावर, घरी येतात ते पाहुण्यासारखे. आमच्या हिची हॉस्पिटलातली नोकरी अजून दोन वर्षं. लेक म्हणाली, बाबा, मला नोकरी सोडावी लागली तर ते तुमच्या कुठल्या अटीत बसतं तेवढं सांगा.

मी शांत राहिलो. संकल्प क्रमांक तीन. तिला कायदा समजावून सांगितला. ती जेवली नाही.

शुक्रवार, १४ जून

अटींमध्ये थोडी लवचीकता आणता येईल का, हे तात्त्विक पातळीवर पाहायचं ठरवलं. ज्युनिअर मॅडमना सहज विचारलं. त्यांनी एक परिपत्रक काढून समोर ठेवलं: एकदा घातलेल्या विशेष अटींचा फेरविचार सहा महिन्यांपूर्वी होणार नाही, कोणाचीही सबब ऐकली जाणार नाही. भाषा खणखणीत होती. खाली सही माझी.

चहा घेतला. साखरेचा.

रविवार, १६ जून

मार्ग सापडला. ठकूला मीच सांभाळणार. तशी एक तारखेपासून मला फुरसतच आहे. मुलं सांभाळणाऱ्या शेकडो लोकांना मी आयुष्यभर कसं सांभाळायचं ते शिकवत आलो. लेकीला सांगितलं, निर्धास्त जा. तिने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

शुक्रवार, २८ जून

निरोप समारंभ. भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी आवरतं घेऊन बोललो, तरी मधे लोक चहाला गेले. ज्युनिअर मॅडम आता माझ्या खुर्चीवर. त्या भाषणात म्हणाल्या की सरांकडून एक गोष्ट शिकले, नियम दाखवताना समोर कोण बसलंय ते पाहायचं नाही. सगळ्यांत आधी टाळ्या मीच वाजवल्या. असे विद्यार्थी सगळ्यांच्या नशिबी नसतात.

सोमवार, १ जुलै

वेळापत्रक भिंतीवर लावलं. नऊ ते दहा अक्षरओळख, दहा ते अकरा मुक्त खेळ (शिस्तीत), अकरा वाजता फळ, मग झोप. घरातल्या सगळ्या प्लगांवर चिकटपट्टी मारली. हे कुठल्याच पाळणाघरात मी पाहिलेलं नाही.

९.०० ठकू आली. लेक गेली.

९.०५ ठकू रडली.

९.१० परिस्थिती आटोक्यात.

९.१५ हिला फोन. वॉर्डात होती, उचलला नाही.

९.४० वेळापत्रक फाटलं. ठकूच्या हातून, वेळापत्रक लहान मुलाच्या उंचीवर लावल्यामुळे. सुधारणा करायची आहे.

१०.३० फ्रिजमधलं दूध नासलं. फ्रिजच्या प्लगलाही चिकटपट्टी मारली होती, तो काढून.

११.०० केळं. अर्धं ठकूने खाल्लं, उरलेलं माझ्या चष्म्यावर.

पुढचं वेळ घालून लिहिता येत नाही. मी चष्मा पुसत होतो, ठकू बाथरूममध्ये शिरली आणि आतून कडी सरकवली. आधी हसत होती. मग तिला कडी उघडता येईना, तशी रडायला लागली. मी दाराबाहेरून सूचना दिल्या. कडी उजवीकडे ओढ, म्हटलं. तिला उजवीकडे म्हणजे काय ते माहीत नाही. मी आवाज चढवला, ती आणखी रडली. आणि मग एकदम गप्प झाली.

नळ चालू असल्याचा आवाज येत होता. बादली भरलेली होती. ती मीच भरून ठेवली होती.

मी मागच्या गल्लीत धावलो. अनवाणी. बाईंना बोलावलं, कारण अशा प्रसंगी साक्षीदार असलेला बरा. बाई मुलं सुनेवर सोपवून हात पुसत आल्या. दाराशी बसल्या, खालच्या फटीला तोंड लावलं आणि म्हणाल्या की ठकूबाई, कडीला गुदगुल्या होतात का गं, वर उचलून बघ बरं. आतून आवाज नाही. बाई पुन्हा म्हणाल्या, हसते का बघ ती, उचल आणि ढकल. आत खुदकन हसू आलं. कडी सरकली. ठकू बाहेर आली ती थेट बाईंच्या कडेवर. अट एकचा भंग. मी नोंद केली नाही.

मी आत जाऊन बादली ओतून टाकली, पाणी शिळं वाटलं म्हणून. भीती वाटली. ती गप्प झाली तेव्हा फार भीती वाटली. हे इथेच राहू दे.

मंगळवार, २ जुलै

लेकीने रजा काढली. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी. तिच्या ऑफिसातल्या साहेबाने विचारलं म्हणे, हे असंच चालणार का? आठवडाभरात सोय झाली नाही तर राजीनामा देते म्हणाली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही.

शेवटी ही बोलली. ही कमी बोलते, नर्स असल्यामुळे. म्हणाली, बाईंकडे अतिरिक्त प्रौढ व्यक्ती आली की बारा मुलं ठेवता येतात ना? मग रिकामा बसलेला प्रौढ आपल्या घरात आहे. मी विचारलं, कोण? दोघी माझ्याकडे पाहत राहिल्या.

माझ्या पातळीच्या माणसाने हे काम करणं योग्य नाही, हे मी स्पष्ट केलं. तरी फार आग्रह झाला. तज्ज्ञ सल्लागार या नात्याने जायचं मान्य केलं. हिने बाईंना विचारलं तर बाई थोडा वेळ विचारात पडल्या म्हणे. मग म्हणाल्या, येऊ देत, शिकतील हळूहळू.

गुरुवार, ४ जुलै

रुजू झालो. ठकूही परत आली, बाकीची तिघंही. माझ्या पिशवीला खुंटी नाही. खुंट्या मुलांच्या असतात, असं सुनेने सांगितलं. पिशवी दाराला अडकवली.

खुर्च्या माझ्या गुडघ्याइतक्या. बसता येतं. उठता येत नाही.

बाईंनी मुलांना सांगितलं की यांना काय म्हणायचं, तर अतिरिक्त. अट तीन, हुद्द्याने हाक. मला वाटलं गंमत करतात, पण चेहऱ्यावर रेषा हलली नाही. दहा मिनिटांत सगळ्यांच्या तोंडी बसलं. अतिरिक्त, माझा बूट. अतिरिक्त, याने चावलं. अतिरिक्त, नाक.

सोमवार, ८ जुलै

आजची तारीख लक्षात ठेवायची.

नाश्त्याच्या वेळी एका मुलाने ठकूला विचारलं, हा अतिरिक्त तुमच्या घरी राहतो का? ठकू तोंडातला घास गिळून म्हणाली, तो माझा आजोबा आहे. चांगलं मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी केळं सोलत होतो, ते हातातून पडलं. मग ती माझ्याकडे वळून हाक मारायला लागली, आजो.

पुढचं अक्षर यायच्या आत बाई म्हणाल्या, ठकू, इथे काय म्हणायचं? ठकूने थोडा विचार केला. मग म्हणाली, अतिरिक्त, केळं.

बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की हा अपवाद समजावा. त्या म्हणाल्या, साहेब, लेखी आहे. उद्या कोणी आलं आणि मुलाने नात्याने हाक मारली तर माझा परवाना जाईल. बारा घरं अडतील. तुम्हीच सांगा मी काय करू? त्या चिडवत नव्हत्या. खरंच घाबरल्या होत्या. एवढी वर्षं मी अटी लिहिल्या, कोणी घाबरलेलं असं जवळून पाहिलं नव्हतं. पाहायची गरज पडली नव्हती.

घरी ठकूला विचारलं, मी कोण? अतिरिक्त, म्हणाली. ही स्वयंपाकघरात जाऊन हसली. ऐकू आलं.

मंगळवार, ९ जुलै

नव्या मॅडमना फोन. त्यांनी सर म्हणूनच बोलायला सुरुवात केली. मी अट तीनबद्दल विचारलं. त्यांनी परिपत्रक वाचून दाखवलं. मी म्हटलं, मला पाठ आहे.

गुरुवार, १८ जुलै

कामात प्रशासकीय सुधारणा सुरू आहेत. बटणं लावण्यात आता बाईंच्या खालोखाल माझाच वेग आहे. नाक पुसण्यात सुनेच्या पुढे गेलो आहे. चावणारा मुलगा माझ्याजवळ चावत नाही, निदान मला चावत नाही. लेक काल हसत घरी आली, तिच्या कामाचं कौतुक झालं म्हणे. मी नियोजन केलं होतं ते असं फळाला आलं.

पहाटे फिरायला जायचं राहून जातं. दिवसभर रांगणं होतं, तेवढं पुरे.

मुलांच्या झोपेच्या वेळी जास्त लक्ष द्यावं लागतं. खुर्चीवरून नीट दिसत नाही. पर्यवेक्षणासाठी चटईच्या पातळीवर उतरणं आवश्यक आहे. उद्यापासून सुरू.

मंगळवार, ३० जुलै

अचानक इन्स्पेक्शन. नव्या मॅडम स्वतः. मी नेहमीप्रमाणे चटईवर पर्यवेक्षण करत होतो. कान जास्त चालावेत म्हणून डोळे मिटले होते. उघडले तेव्हा समोर ऑफिसची काळी सॅंडल. माझ्या अंगावर सशांची दुलई होती आणि ठकू उशाशी बसून मला थोपटत होती. बाकी सगळी मुलं उठून दूध पिऊन झाली होती म्हणे.

मॅडमनी विचारलं, हे किती वेळ झोपतात? सून म्हणाली, मुलांपेक्षा थोडं जास्त. ही माहिती विचारल्याशिवाय द्यायची नसते. विचारली होती हे खरं आहे.

मॅडमनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मीच शिकवलंय. मग बाईंशी आत बराच वेळ बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा बाईंचे डोळे ओले होते. मला कोणी काही सांगितलं नाही. लेकीला सांगायचं धाडस झालं नाही. माझ्यामुळे परवाना गेला, तर बारा घरं आणि त्यात आमचं एक.

गुरुवार, १ ऑगस्ट

आदेश आला. बाईंनी वाचायला माझ्याकडेच दिला, चष्मा नव्हता म्हणाल्या. चष्मा डोक्यावर होता.

तपासणी अधिकाऱ्याची नात सदर पाळणाघरात असताना तपासणी झाल्याने ११ जूनचा आदेश मुळातच बाद. तिन्ही अटी रद्द. परवाना पूर्ववत, मुले बारा, अतिरिक्त प्रौढ व्यक्तीची आवश्यकता नाही.

तीन जूनलाच मी हे त्या मुलीला समजावून सांगायला हवं होतं, की हा मुद्दा उपस्थित होऊ शकतो.

खाली एक नवी अट. एकच. मसुदा चांगला आहे, एक शब्द जास्त नाही. "सदर ठिकाणी दुपारी झोपणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थांनी यापुढेही येण्यास हरकत नाही, मात्र त्यांना निगराणी करणाऱ्यांत धरू नये. ज्यांच्यावर निगराणी ठेवावयाची, त्यांच्यात धरावे."

दोनदा वाचला. मग बाईंना परत दिला. बाई म्हणाल्या, उद्या येणार ना? मी म्हटलं, बघतो, पुष्कळ कामं पडली आहेत.

शुक्रवार, २ ऑगस्ट

कामं नव्हती. ही म्हणाली, घरी बसून माझ्या डब्याचं इन्स्पेक्शन करण्यापेक्षा जा.

गेलो. दाराजवळ नवी खुंटी ठोकली होती, बाकीच्यांच्याच उंचीवर. चित्र हत्तीचं. पिशवी अडकवायला वाकावं लागलं.

दुपारी चटई मिळाली, ठकूच्या शेजारी. दिवे मालवल्यावर तिला हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. अट तीन रद्द झाली आहे. आता मी अतिरिक्त नाही. आता मला इथे, सगळ्यांसमोर, मोठ्याने आजोबा म्हणायला कायद्याने काहीही हरकत नाही.

ठकूने ऐकून घेतलं. मग दुलई माझ्या हनुवटीपर्यंत ओढली, कपाळावर दोन थापट्या मारल्या आणि म्हणाली, "तू झोप."